कंबर धरली, आता जावे कोणाकडे?

पन्नाशी गाठली आणि कंबर एकदाही दुखली नाही, असा माणूस आपल्या ओळखीत शोधू लागलात तर बराच वेळ लागेल. ऊसतोडीचा मजूर, दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार, एस.टी.चा ड्रायव्हर, धुण्याची बादली उचलणारी गृहिणी, शाळामास्तर, हमाल, सगळे ह्या एका दुखण्याचे सोबती. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने त्रस्त होती असा अंदाज करण्यात आला आहे. आणि माणसाला कामावरून उठवून घरी बसवणाऱ्या दुखण्यांत तिचा नंबर पहिला लागतो. दुखणे इतके घरोघरचे, त्यामुळे त्यावर सल्ला देणारेही घरोघरी. शेजारच्या काकू आंबेहळदीचा लेप सांगतात, मामा निर्गुडीचे तेल पाठवून देतात, आणि कचेरीतला एखादा स्नेही आपल्या मेहुण्याच्या ऑपरेशनची हकीकत अशी काही रंगवून सांगतो की ऐकणाऱ्याची उरलीसुरली कंबरही खचावी.

इलाज सांगणारे पुष्कळ. परंतु जावे कोणाकडे, आणि कोणत्या क्रमाने जावे, हे सांगणारे थोडे. कंबरदुखीत माणसाचे खरे नुकसान होते ते बहुधा दार चुकल्यामुळे. कोणी साध्या लचकेसाठी थेट मोठ्या शहरातल्या शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाऊन पोचतो. कोणी मणक्याचा क्षय अंगावर घेऊन सहा-सहा महिने मालिश करून घेत राहतो. पहिल्याचे पैसे जातात, दुसऱ्याचे पाय जाण्याची वेळ येते. म्हणून आज आपण औषधांपेक्षा दारांचाच विचार करू.

पहिली गोष्ट काळाची. परवा पोते उचलताना उसण भरली आणि आज वाकता येत नाही, ह्याला टिकाऊ कंबरदुखी म्हणत नाहीत. अशी उसण बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपली आपण ओसरते. घरचा शेक, लागलीच तर चार दिवस दुखणे कमी करणारी गोळी, आणि झेपेल तेवढी हालचाल, एवढे तिला पुरते. मात्र अंथरूण धरू नये. एके काळी डॉक्टरच रोग्याला दोन-दोन आठवडे फळीवर निजून राहावयास सांगत. १९८६ साली अमेरिकेत दोनशेवर रोग्यांवर ह्याची परीक्षा झाली. काहींना दोन दिवसांची विश्रांती सांगितली, काहींना सात दिवसांची. दुखणे बरे होण्यात काहीच फरक पडला नाही. दोन दिवसवाले तेवढे कामावर लवकर रुजू झाले. निजून राहिल्याने पाठीचे स्नायू ढिले पडतात आणि उठताना भीती वाटू लागते, ते वेगळेच.

सहा आठवडे उलटून गेले आणि कंबर तशीच आहे, किंवा बरी होते म्हणता म्हणता पुन्हा धरते आहे, तर मात्र तिची नीट दखल घ्यावयास हवी. तीन महिन्यांवर गेलेल्या दुखण्याला वैद्यकात जीर्ण म्हणतात.

परंतु सहा आठवडे वाट पाहण्याची ही सवलत सर्वांना नाही, आणि हे आधी सांगितले पाहिजे.

कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो तो कमरेच्या वरच्या अंगालाच संपतो. त्याच्या खाली नुसत्या नसांचा एक जुडगा लोंबत असतो, थेट घोड्याच्या शेपटीसारखा. शरीरशास्त्रात त्याला तसेच नावही आहे. लघवी आणि शौचाचे भान, पायांतली शक्ती, हे सारे ह्या जुडग्यातून जाते-येते. मणक्यामधली चकती मोठ्या प्रमाणावर सरकून हा जुडगा दाबला गेला, तर सायकलच्या सीटवर आपली जी जागा टेकते ती बधिर होते, लघवी तुंबते किंवा नकळत सुटते, पाय लुळे पडू लागतात. असे क्वचित घडते. पण घडले तर हिशेब दिवसांचा राहत नाही, तासांचा होतो. सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजचे रुग्णालय गाठावे. आपल्याकडे अडचण होते ती संकोचाची. म्हातारे वडील सुनेला किंवा मुलाला 'लघवीला होत नाही' म्हणून सांगत नाहीत, बायका तर नाहीच नाही. घरात कोणाची कंबर धरली असेल तर हे आपणच विचारावे. विचारण्यात लाज कसली?

दुसरा धोका आपल्या देशात अधिक मोलाचा समजला पाहिजे, तो मणक्याच्या क्षयाचा. क्षय म्हटला की आपल्याला खोकला आठवतो. हाडांचाही क्षय होतो, आणि हाडासांध्यांत शिरलेला क्षय जवळपास निम्म्या वेळा मणक्यातच घर करतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट ह्यांनी १७७९ साली त्याचे वर्णन लिहिले, म्हणून 'पॉटचा रोग' असे त्याचे नाव पडले. त्याचा जंतू कॉख ह्यांना सापडला तो १८८२ साली, म्हणजे शंभरावर वर्षांनी. आज जंतूही माहीत आहे आणि औषधही आहे. तरीदेखील माणसे उशिरा येतात. का? तर हे दुखणे सुरुवातीला अगदी साध्या कंबरदुखीचा वेष घेऊन येते. खोकला नसतो. पहिला एक्स-रे पुष्कळदा निर्मळ निघतो. मग 'काही नाही, वातच आहे' असे म्हणून तेल चोळणे सुरू होते.

त्याचा वेष ओळखावयाचा कसा? साधी कंबर निजल्यावर, कूस बदलल्यावर थोडी तरी ऐकते. ही ऐकत नाही. रात्री जागे करते, आणि आठवड्याआठवड्याने वाढतच जाते. संध्याकाळी अंग कढत लागते, भूक मंदावते, सदरा ढगळ होऊ लागतो. कण्यावर मधोमध बोटाने ठोकले तर एका ठरावीक मणक्यावर कळ उठते. पुढे तिथे लहानसा उंचवटाही हाताला लागतो. ह्यांतली दोन-तीन लक्षणे जमली तर मालिशवाल्याचे दार त्या दिवसापासून बंद. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन स्पष्ट शब्दांत विचारावे, 'हा मणक्याचा टी.बी. तर नाही ना?' पुढच्या तपासण्या कुठे व्हावयाच्या ते तेथून कळते. औषधे सरकारी व्यवस्थेत फुकट मिळतात आणि साधारण वर्षभर घ्यावी लागतात. वेळेवर सुरू झाली तर बहुतेक रोगी शस्त्रक्रियेवाचून आपल्या पायांनी कामावर जातात. उशीर झाला तर त्या पायांचाच भरवसा राहत नाही.

आणखी काही माणसांनी लवकर जावे. साठीपुढची आजी न्हाणीत नुसती बसल्यासारखी पडली आणि तेव्हापासून कंबर दुखते आहे, तर ठिसूळ झालेला मणका दबला असण्याचा संभव आहे. पूर्वी कर्करोगाचा उपचार झालेल्याने नव्या कंबरदुखीला कधीही 'वात' म्हणू नये. कळ लाटांसारखी येऊन जांघेत उतरत असेल, तर ती मुतखड्याची असू शकते. तिथे कमरेला चोळून उपयोग नाही.

एका प्रकाराविषयी मात्र दोन शब्द जास्त बोलावेसे वाटतात, कारण तो तरण्याताठ्या मुलांचा आहे. विशी-पंचविशीचा मुलगा सकाळी उठतो तेव्हा काठीसारखा ताठर असतो. तासाभराने, चालून-फिरून, अंग मोकळे होते. कॉलेजच्या बाकावर बसला की पुन्हा आखडते. विश्रांतीने वाढावे आणि हालचालीने कमी व्हावे, हे ह्या दुखण्याचे उलटे गणित. हा मणक्यांचा एक दाहक संधिवात आहे, आणि 'एवढ्या वयात कसली कंबरदुखी, मोबाइल बघत लोळतोस म्हणून' असे ऐकून घेत कित्येक मुले त्यात वर्षेच्या वर्षे काढतात. ह्याला संधिवाताच्या तज्ज्ञाचे दार. चांगली औषधे आहेत, आणि ती जितकी लवकर तितके मणके एकमेकांना चिकटण्याचे टळण्याची आशा अधिक.

वाचकहो, एवढी भीतीची बाजू वाचून प्रत्येकाला आपल्याच कमरेत क्षय दिसू लागला असेल. तसे करू नये. कंबरदुखीच्या दहांतल्या सुमारे नऊ जणांत ह्यांपैकी काहीही नसते. स्नायू, सांधे, चकत्या, कामाची पद्धत, झोप, मनाचा ताण, ह्या सगळ्यांचे मिळून ते दुखणे बनलेले असते, आणि एकाच जागेवर बोट ठेवून 'हेच कारण' असे सांगता येत नाही. दुखणे खरे असते, बरं का. कारण दाखवता येत नाही म्हणजे ढोंग, असा अर्थ घरच्यांनीही घेऊ नये.

आता आपल्या गावातली दारे. सर्वांत जवळचे दार पायाळू माणसाचे. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याने उसण भरलेल्या जागी लाथ मारली, निदान पाय लावला, म्हणजे उसण उतरते, अशी आपल्याकडे समजूत आहे. उसण बहुतेकांची आपोआप उतरतेच, तेव्हा श्रेय त्या पायाला जाते, आणि पायाळू मनुष्यही बिचारा खूश असतो. नुसता पाय लावण्याने बिघडत काही नाही. परंतु लाथ म्हणजे लाथच असेल, आणि खालचा मणका ठिसूळ झालेला किंवा क्षयाने पोखरलेला असेल, तर काय होईल ह्याची कल्पना करा.

हाडवैद्य आणि मालिशवाले ह्यांचीही गोष्ट काहीशी अशीच आहे. हळूवार मालिशने स्नायू सैलावतात, आराम पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जीर्ण कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शिका काढली तिच्यातही मालिशला स्थान दिलेले आहे. तेव्हा हसण्याचे कारण नाही. माझा आक्षेप झटक्याला आहे. मान किंवा कंबर पिळून 'कट्‌' असा आवाज काढणारा माणूस तुमचा ताप, वजन, वय, पायांतली शक्ती, ह्यांपैकी काहीही न विचारता थेट हात घालत असेल, तर त्याच्या पुढ्यात पालथे पडू नये. तसाच आक्षेप डाग देण्याला आहे. चरक्याने कंबरदुखी जात नाही; जखम तेवढी राहते, आणि मधुमेह असेल तर ती चिघळते.

वैद्यांकडे जाणारांनी वैद्य नोंदणी झालेला आहे ना, एवढे पाहावे. शेक, तेल, पथ्य ह्यांनी आराम वाटत असेल तर घ्यावा. फक्त बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहावे. 'दोन पुड्यांत पळायला लागाल' असे सांगून दिलेल्या पुडीत स्टेरॉइड कुटून घातल्याचे प्रकार अनेकदा उघडकीस आलेले आहेत. दोन दिवस खरेच पळता येते. महिनोन्‌महिने घेतल्यावर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे भुसभुशीत होतात, आणि औषध एकदम बंद केले तर जिवावर बेतते.

मग टिकलेल्या कंबरदुखीचे पहिले दार कोणते? माझ्या मते तुमच्या जवळचा, तुम्हाला ओळखणारा साधा डॉक्टर. गावात तो नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र. शहरातला मोठा तज्ज्ञ पहिल्या दिवशी नको. तज्ज्ञ वाईट असतो म्हणून हे म्हणत नाही. परंतु सुताराला दार दुरुस्त करता येते तसे सगळीकडे दारच दिसते. जवळच्या डॉक्टरला तुमचे काम माहीत असते, घरातली मागच्या वर्षीची गडबड माहीत असते, साखर-रक्तदाब माहीत असतो. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य करण्याचा निर्णय ऑगस्ट २०२३ मध्ये झालेला आहे. तेव्हा केसपेपर काढून रांगेत उभे राहण्यात कमीपणा मानू नये.

डॉक्टर चांगला की नाही हे कसे ओळखावे, असे पुष्कळजण विचारतात. पाटीवरच्या पदव्यांवरून ते कळत नाही, तो करतो काय त्यावरून कळते. त्याने तुम्हाला विचारले पाहिजे: दुखणे पायात उतरते का, गुडघ्याच्या खाली जाते का, रात्री जागे करते का, लघवीचे काय, ताप आला होता का. त्याने तुम्हाला टेबलावर उताणे निजवून, गुडघा न वाकवता, एकेक पाय वर उचलून पाहिला पाहिजे; नस दाबली गेली असेल तर पाय थोडा उचलताच कळ पोटरीपर्यंत धावते. पायाचा अंगठा वर करावयास सांगून तो आपल्या बोटाने दाबून पाहिला पाहिजे. चवड्यांवर चालवले पाहिजे, टाचांवर चालवले पाहिजे. गुडघ्यावर हातोडीने टकटक केली पाहिजे. ह्या सगळ्याला दहा मिनिटे लागतात आणि यंत्र एकही लागत नाही. तुम्ही खुर्चीवर बसता बसताच ज्याने 'एमआरआय करून या' अशी चिठ्ठी लिहिली, त्याला आपण नम्रपणे म्हणू शकतो, 'डॉक्टरसाहेब, एकदा तपासून बघता का?'

आता त्या फोटोविषयी बोललेच पाहिजे, कारण कंबरदुखीतली निम्मी घबराट तिथून सुरू होते. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य आज महाराष्ट्रात ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. ही गॅप म्हणजे काय? दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची एक चकती असते, लोक तिला गादी म्हणतात. एक्स-रेमध्ये हाड पांढरे उमटते, चकती उमटतच नाही. म्हणून तिथे मोकळी फट दिसते. अशी फट प्रत्येकाच्या कण्यात असते, आणि असावीच लागते. ती नसती तर आपल्याला वाकून नमस्कारही करता आला नसता. वयाबरोबर चकतीतले पाणी कमी होते आणि फट अरुंद होते. केस पिकावेत तसे ते आहे. म्हणजे 'गॅप आली' असे ज्याला आपण म्हणतो ती बहुधा गॅप कमी झालेली असते!

एमआरआयमध्ये चकती स्पष्ट दिसते, आणि तिथे घोटाळा अधिक होतो. १९९४ साली अमेरिकेत पाठ-कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढून पाहिले. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश माणसांत एक तरी चकती फुगलेली, पुढे आलेली किंवा अशीच काही बिघडलेली निघाली. ही सर्व माणसे धडधाकट हिंडत-फिरत होती. आता ह्यांच्यापैकी एखाद्याची कंबर दुसऱ्या दिवशी लचकली असती आणि त्याने फोटो काढला असता, तर त्याला काय सांगितले गेले असते? 'चकती सरकली.' ती कदाचित दहा वर्षांपूर्वीच सरकलेली असावयाची. म्हणून फोटो केव्हा काढावा, तर वर सांगितलेल्या धोक्यांपैकी एखाद्याचा संशय असेल तेव्हा, किंवा पायातली कळ आठवडेच्या आठवडे हटत नसून शस्त्रक्रियेचा विचार चालला असेल तेव्हा. मन शांत व्हावे म्हणून काढलेला फोटो मन शांत करीत नाही. मी तरी असे क्वचितच पाहिले.

स्त्रियांच्या कंबरदुखीत दार चुकण्याची एक निराळीच तऱ्हा आहे. पाळीच्या दिवसांत कंबर दुखणे, अंग बाहेर येणे, ओटीपोटात सूज असणे, ह्यांनी कंबर दुखू शकते. ते पाहण्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे हे योग्यच. पण प्रत्येक कंबरदुखीचे मूळ गर्भाशयात असते ही समजूत फार महागात पडलेली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांची शासनाने २०१९ साली पाहणी करविली. ८२ हजारांवर स्त्रियांची चौकशी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढून टाकलेले होते. त्यांत कित्येकजणी अवघ्या तिशी-पस्तिशीच्या. अंगावरून जाणे, पोटात दुखणे, कंबर दुखणे असल्या तक्रारी घेऊन दवाखान्याची पायरी चढलेल्या ह्या बायका. हंगाम बुडू नये, खाडा पडू नये, मुकादमाची उचल फिटावी, ह्या घाईत 'पिशवी काढून टाकली की कटकट गेली' हे त्यांना पटवून दिले गेले. पहाटेपासून कोयता चालवून उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवणाऱ्या बाईची कंबर गर्भाशय काढल्यावर कशी थांबेल? तिचे ओझे तर तेच राहिले. त्यात बीजकोशही गेले असतील तर हाडे लवकर ठिसूळ होतात, म्हणजे दुखण्यात भरच. घरातल्या कोणा स्त्रीला कंबरदुखीसाठी पिशवी काढावयास सांगितले असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याखेरीज होकार देऊ नये. असली शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढे गेल्याने सहसा काही बिघडत नाही.

धोका नाही असे पहिल्या डॉक्टरने सांगितले, की दुसरे दार फिजिओथेरपिस्टचे. जुन्या पुस्तकी मराठीत त्याला भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणत. आपल्या राज्यात ह्या विद्येचे शिक्षण जुने आहे. मुंबईत हाजीअलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ सालची. जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत हा विभाग असतो. तरीही लोकांच्या दृष्टीने फिजिओथेरपी म्हणजे 'शेक घ्यायला जाणे'. यंत्राची तार लावून वीस मिनिटे पडून राहावयाचे, आणि पैसे देऊन घरी यावयाचे. ह्यानेच लोक निराश होतात, आणि ते साहजिक आहे. आताच उल्लेख केलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेने वजन लावून ताणणे, ध्वनिलहरींचा शेक आणि कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारांत धरू नये असेच सुचविले आहे. शिकवलेला व्यायाम, दुखण्याविषयीची नीट समजूत, आणि लागल्यास मनाचा ताण हलका करण्याची मदत, ह्यांवर तिचा भर आहे.

म्हणून फिजिओथेरपिस्टची पारख सोपी आहे. तो तुम्हाला यंत्राखाली निजवून ठेवतो, की उठवून कामाला लावतो? पहिल्याच दिवशी तुमच्याकडून चार-पाच व्यायाम करवून घेतले, पोते किंवा घागर कशी उचलता ते करून दाखवावयास लावले, आणि 'आठ दिवसांनी या, तोवर हे घरी करा' असे सांगितले, तर माणूस जाणता समजावा. एखाद्याने वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले तर आपण आधी दोन बैठका करून पाहाव्यात. व्यायामाने पहिले काही दिवस थोडे अधिक दुखते, त्याला घाबरू नये. कळ पायात खाली खाली उतरू लागली तर मात्र थांबून विचारावे. आणि फळ दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. रोजंदारीच्या माणसाला रोज वेगळा वेळ काढणे कठीण असते हे मला ठाऊक आहे. पण हे व्यायाम घोंगडीवर, पंधरा मिनिटांत, कामावर निघण्यापूर्वी होतात.

गोळ्यांचे थोडक्यात. दुखणे आणि सूज कमी करणारी गोळी काही दिवस घेण्यास हरकत नाही, पण औषधाच्या दुकानाच्या फळीवरून आपल्या मनाने महिनोन्‌महिने नको. पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात. साठीपुढच्यांनी आणि रक्तदाबवाल्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

राहिले शेवटचे दार, मणक्याच्या सर्जनचे. तिथे कोणी जावे? ज्याची कळ कमरेपेक्षा पायात अधिक आहे, गुडघ्याखाली विजेसारखी जाते, आणि दीड-दोन महिने नेटाने उपचार करूनही झोपू देत नाही, त्याने जावे. पायाचा पंजा चालताना लोंबकळू लागला असेल, चप्पल पायातून निसटत असेल, तर त्याने दीड महिना थांबूही नये. नुसती कंबर दुखते, पायात काही नाही, अशा रोग्याला शस्त्रक्रियेचा लाभ फार थोडा होतो, आणि चांगला सर्जन हे स्वतःच सांगतो.

नस दबलेल्यांच्या बाबतीतही घाई किती करावी, ह्यावर नेदरलँड्समध्ये एक चांगला प्रयोग झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे पायाच्या कळेने हैराण झालेले २८३ रोगी घेतले. अर्ध्यांवर लगेच शस्त्रक्रिया ठरवली, अर्ध्यांना थांबून उपचार दिले व गरज भासेल तरच शस्त्रक्रिया करू असे सांगितले. लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली, हे खरे. पण वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच बरे होते, आणि थांबलेल्यांपैकी बहुसंख्यांना शस्त्रक्रिया लागलीच नाही. सरकलेल्या चकतीचा तुकडा पुष्कळदा शरीरच हळूहळू जिरवून टाकते. म्हणजे पायातली शक्ती शाबूत असेल तर निवड तुमची आहे. ज्याला दुखणे सोसवत नाही, नोकरी जाईल अशी वेळ आहे, त्याने शस्त्रक्रिया करून घेण्यात काही चूक नाही. ज्याला कळ सोसवते आणि चिरफाड नको वाटते, त्याने थांबण्यातही भित्रेपणा नाही. 'आत्ता ऑपरेशन केले नाही तर कायमचे लुळे व्हाल' हे वाक्य मात्र पायातली शक्ती कमी होत असेल तरच खरे असते. ते ऐकले की विचारावे, 'माझ्या कोणत्या स्नायूची शक्ती कमी झाली आहे, ते मला दाखवता का?'

दुसरे मत घ्यावयाचे झाले तर ते दुसऱ्या रुग्णालयातल्या, शक्य तर मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरचे घ्यावे. जाताना एमआरआयच्या मूळ प्लेट किंवा सी.डी. न्यावी, नुसता टाइप केलेला रिपोर्ट नव्हे. चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत, आणि दुखणे कधी सुरू झाले त्याची तारीख कागदावर लिहून घ्यावी. पहिल्या डॉक्टरने काय सांगितले ते नव्याला आरंभीच सांगू नये. त्याला आधी तपासू द्यावे, प्लेट पाहू द्यावी, त्याचे मत बोलू द्यावे, आणि मग जुना कागद पुढे करावा.